व्हिएतनामचा थोर सेनानी त्रान हुंग दाओ

व्हिएतनाम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विसाव्या शतकातले युद्ध उभे राहते. फ्रान्स आणि अमेरिका यांच्यासारख्या बलाढ्य राष्ट्रांशी वर्षानुवर्षे झुंजलेला तो छोटा देश सर्वांना माहीत आहे. परंतु त्या देशाच्या मनात सेनापती म्हणून ज्याचे स्थान सर्वांत उंच आहे, तो पुरुष सातशेहून अधिक वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याचे नाव त्रान क्वोक तुआन. हुंग दाओ या जहागिरीच्या किताबावरून लोक त्याला त्रान हुंग दाओ म्हणून ओळखतात. तेराव्या शतकात मंगोल फौजा त्याच्या देशावर तीनदा चालून आल्या आणि तिन्ही वेळा परत फिरल्या. शेवटच्या दोन युद्धांत सर्व सैन्याची सूत्रे त्याच्या हाती होती.

रणांगणावर विजय मिळवणारे सेनापती इतिहासात पुष्कळ आहेत. या लेखात आपल्याला पाहावयाचे आहे ते त्याचे दुसरे युद्ध. ते त्याला स्वतःच्या घरातच लढावे लागले. ज्या राजघराण्यासाठी त्याने तलवार उचलली, त्याच घराण्याने त्याच्या वडिलांचा मोठा अपमान केला होता आणि त्याचा सूड घेण्याचा आदेश वडिलांनी मरताना मुलाला दिला होता. त्या आदेशाचे त्याने काय केले, हे तुम्ही लक्षपूर्वक वाचावे अशी माझी विनंती आहे.

घरातले वैर

त्या काळी व्हिएतनामला दाइ व्हिएत म्हणत. राजधानी होती थांग लाँग, म्हणजे आजचे हानोई शहर. तेथे ली घराण्याचे राज्य होते. १२२५ साली त्या घराण्याच्या गादीवर एक सात-आठ वर्षांची मुलगी होती. दरबारात त्रान कुळाचा जोर होता आणि त्या कुळाचा सूत्रधार होता त्रान थू दो नावाचा अत्यंत धूर्त व कठोर पुरुष. त्याने आपल्या कुळातील तितक्याच लहान मुलाशी राणीचे लग्न लावून दिले आणि लगेच तिच्याकडून राज्य नवऱ्याच्या नावे करून घेतले. अशा रीतीने त्रान घराणे गादीवर आले. तो मुलगा पुढे राजा थाय तोंग म्हणून प्रसिद्ध झाला.

राजाला एक थोरला भाऊ होता, त्रान लियू. त्याची पत्नी राणीची सख्खी बहीण होती. राजा-राणीला बरीच वर्षे वारस झाला नाही. तेव्हा १२३७ साली थू दोने एक भयंकर निर्णय घेतला. लियूची पत्नी त्या वेळी गरोदर होती. तिला नवऱ्यापासून तोडून त्याने राजाची राणी केले आणि पहिल्या राणीला पदावरून दूर सारले. तरुण राजाला याची इतकी शरम वाटली की तो राजवाडा सोडून डोंगरातल्या मठात निघून गेला. मोठ्या मिनतवारीने त्याला परत आणण्यात आले. लियूने बंड पुकारले, पण त्याचे बळ अपुरे होते. दोन आठवड्यांतच तो कोळ्याच्या वेषात राजाच्या नावेवर येऊन शरण आला. थू दो तलवार उपसून धावला, तेव्हा राजाने स्वतःच्या देहाची ढाल करून भावाला वाचवले. लियूला जहागीर मिळाली, मान मिळाला. परंतु काळजातली जखम भरली नाही.

या लियूचा मुलगा म्हणजे आपला चरित्रनायक. त्याचा जन्म १२२८ च्या सुमाराचा. मुलगा हुशार होता. वडिलांनी देशभरातले उत्तम शिक्षक शोधून आणले आणि त्याला ग्रंथविद्या व युद्धविद्या दोन्ही शिकवल्या. हा सर्व खर्च आणि खटाटोप कशासाठी होता, ते १२५१ साली कळले. मरणशय्येवरून लियूने मुलाचा हात धरला आणि सांगितले की, तू माझ्यासाठी राज्य हस्तगत केले नाहीस तर मी मातीत गेल्यावरही मला शांती लाभणार नाही.

मुलाने ते शब्द मनात ठेवले, पण त्याला ते योग्य वाटले नाहीत. वडिलांचा अपमान खरा होता आणि त्यांचे दुःखही खरे होते. तरीही एका घराच्या भांडणासाठी साऱ्या देशात आग लावावी काय, हा प्रश्न त्याच्यापुढे होता. मृत्युशय्येवरच्या बापाचा शब्द मोडणे पौर्वात्य समाजात किती कठीण आहे, हे आपल्याला वेगळे सांगावयास नको.

१२५८ : एकच वादळ, दोन शहरे

१२५८ हे साल इस्लामच्या इतिहासाच्या वाचकांना विसरता येणार नाही. त्या वर्षीच्या फेब्रुवारी महिन्यात हुलागू खानाच्या फौजांनी बगदाद जिंकले, अब्बासी खलिफाला ठार केले आणि विद्येचे ते माहेरघर उद्ध्वस्त केले. हेच मंगोल वादळ त्याच हिवाळ्यात आशियाच्या दुसऱ्या टोकाला दाइ व्हिएतवर आदळले होते. बगदाद पडण्याच्या दोन-चार आठवडेच आधी, जानेवारीत, सेनापती उरियांगखादाय याने थांग लाँगमध्ये पाऊल ठेवले. दक्षिण चीनच्या सोंग राज्यावर पाठीमागून हल्ला करण्यासाठी मंगोलांना या देशातून वाट हवी होती.

वाचकहो, त्या काळी मंगोलांपुढे दोनच मार्ग आहेत असे जग मानीत होते. शरण जावे किंवा भिंतीआड बसून मरावे. दाइ व्हिएतने तिसरा मार्ग काढला. राजा, दरबार आणि प्रजा राजधानी रिकामी करून निघून गेली. मंगोलांना शहर मिळाले, पण धान्य मिळाले नाही. थोड्याच दिवसांत राजाच्या सैन्याने उलटून नदीकाठी हल्ला केला आणि उपाशी, थकलेली फौज युन्नानकडे माघारी गेली. या युद्धात तिशीतल्या क्वोक तुआनकडे सरहद्दीच्या रक्षणाची कामगिरी होती. त्याच वेळी राजाचे मन डळमळू लागले तेव्हा त्याला धीर दिला तो थू दोने. आपल्या वडिलांचा संसार मोडणाऱ्या माणसाबरोबर एकाच झेंड्याखाली क्वोक तुआन उभा राहिला. तलवार देशासाठी उचलली आणि वैर म्यानात ठेवले.

मने जुळवण्याचे काम

पुढे पंचवीस वर्षे तशी शांततेत गेली. परंतु उत्तरेला कुब्लाई खान चीनचा सम्राट झाला होता. १२७९ मध्ये त्याने सोंग राज्य संपवले. त्यानंतर त्याचे दूत वारंवार थांग लाँगला येऊ लागले. व्हिएतनामच्या राजाने स्वतः येऊन मुजरा करावा, अशी त्यांची मागणी होती. राजाने नाना सबबी सांगितल्या, नजराणे पाठवले, नातलगाला पाठवले, पण स्वतः गेला नाही. युद्ध अटळ आहे हे सर्वांना दिसू लागले.

त्रान घराण्याची एक रीत होती. राजा हयात असतानाच मुलाला गादीवर बसवी आणि स्वतः ज्येष्ठ राजा म्हणून सल्ला देई. या वेळी तरुण राजा न्यान तोंग गादीवर होता आणि त्याचे वडील थान तोंग ज्येष्ठ राजा होते. ज्येष्ठ राजाचा भाऊ क्वांग खाय हा मुख्य प्रधान होता. म्हणजे प्रधान आणि सेनानी हे एकमेकांचे चुलतभाऊ, आणि दोन्ही घरांत जुनी अढी. प्रधान व सेनापती एकमेकांची तोंडे पाहत नसतील तर राज्य टिकेल कसे?

क्वोक तुआनने यावर जो उपाय केला तो व्हिएतनाममध्ये आजही सांगितला जातो. क्वांग खायला अंघोळीचा कंटाळा होता. एकदा तो भेटीला आला असता क्वोक तुआनने सुगंधी पाणी तयार करवले, थट्टामस्करी करीत त्याचे कपडे उतरवले आणि धाकट्या भावाला घालावी तशी स्वतःच्या हाताने त्याला अंघोळ घातली. प्रधानाला अंघोळ घालण्याचा मान मिळाला म्हणून एक हसला, सेनापतीच्या हातून अंघोळ घडली म्हणून दुसरा हसला. त्या दिवसापासून दोघांमधला दुरावा गेला. कोण मोठा आणि कोणी आधी बोलावे, या वादात आपल्याकडे भावाभावांची हयात निघून जाते. येथे वयाने मोठ्याने, आणि अन्याय ज्याच्या घरावर झाला होता त्याने, पहिले पाऊल उचलले हे ध्यानात घ्यावे.

याहून कठीण परीक्षा घरातली होती. क्वोक तुआनने एकदा येत किउ आणि जा तुओंग या आपल्या दोन इमानी सेवकांना वडिलांची शेवटची इच्छा सांगून त्यांचे मत विचारले. त्यांनी स्पष्ट सांगितले की असे केल्याने घडीभर वैभव मिळेल, पण नावाला कायमचा बट्टा लागेल. हे ऐकून त्याचे डोळे भरून आले. मग त्याने मुलांना विचारले. थोरल्याने नकार दिला. एका मुलाने मात्र सोंग घराण्याच्या संस्थापकाचे उदाहरण देऊन, संधी साधून राज्य घ्यावे असे सुचवले. बापाने तत्क्षणी तलवार उपसली. थोरला भाऊ मध्ये पडून विनवण्या करू लागला म्हणून त्या मुलाचा जीव वाचला. पण आपण मेल्यावर शवपेटी बंद झाल्याखेरीज त्याला आत येऊ देऊ नये, अशी ताकीद बापाने देऊन ठेवली.

१२८२ साली बिन्ह थान येथे राजाने सरदारांची सभा घेतली. लष्करी चुकांमुळे नव्हे, तर वर्तनातील दोषामुळे पूर्वी पदच्युत झालेला खान्ह जू नावाचा सरदार कोळसे विकून पोट भरीत होता. राजाने त्याला बोलावून पुन्हा अधिकार दिले. त्रान क्वोक तोआन नावाच्या राजघराण्यातील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला मात्र लहान म्हणून सभेत घेतले नाही. त्याच्या हातातले संत्रे रागाने मुठीत चिरडले गेले तरी त्याला कळले नाही. घरी जाऊन त्याने आपल्या नोकरांची व नातलगांची तुकडी उभारली आणि पुढे खरोखर रणांगण गाजवले. १२८३ मध्ये क्वोक तुआनला सर्व सैन्याचा सरसेनापती नेमण्यात आले. आक्रमणाच्या तोंडावर ज्येष्ठ राजाने देशभरातल्या वृद्धांना राजवाड्यात जेवायला बोलावले आणि लढावे की शरण जावे असे विचारले. सर्वांनी एकमुखाने लढण्याचे सांगितले. तेराव्या शतकात एका राजाने गावोगावच्या म्हाताऱ्यांचा सल्ला घेऊन युद्धाचा निर्णय करावा, ही गोष्ट आजही विचार करण्यासारखी आहे.

या सुमारास सरसेनापतीने अधिकाऱ्यांना उद्देशून एक जाहीरनामा लिहिला. तो व्हिएतनामच्या अभिजात वाङ्मयात गणला जातो. परक्याचे दूत आपल्या राजधानीत उर्मटपणे वागत असताना कोंबड्यांच्या झुंजी, जुगार, शिकार, मद्य आणि गाणेबजावणे यांत रमलेल्या अधिकाऱ्यांची त्याने त्यात कडक शब्दांत हजेरी घेतली आहे. देश गेला तर सेनापतीची जहागीर जाईल तशी तुमची बायकापोरे आणि पूर्वजांच्या समाध्याही जातील, हे त्याने त्यांच्या मनावर बिंबवले. त्याने अधिकाऱ्यांसाठी युद्धशास्त्रावरचे पुस्तकही तयार केले होते आणि ते अभ्यासण्याची आज्ञा या जाहीरनाम्यात आहे. म्हणजे युद्धाची तयारी या माणसाने वाचनापासून सुरू केली!

१२८५ : पराभवातून विजय

१२८५ च्या जानेवारीत कुब्लाईचा मुलगा तोघान प्रचंड सैन्य घेऊन उत्तरेकडून उतरला. दक्षिणेकडे चंपा राज्यात अडकलेला सेनापती सोगेतू खालून वर सरकू लागला. मंगोल सैन्याचा आकडा जुन्या व्हिएतनामी इतिहासग्रंथात ५ लाख दिला आहे. आजचे अभ्यासक तो फुगवलेला मानतात. तरी दाइ व्हिएतच्या मानाने ते संकट फार मोठे होते यात शंका नाही.

आरंभी सर्वत्र पराभव झाला. सरहद्दीवरची ठाणी पडली. खुद्द सरसेनापती माघार घेत असताना, नदीकाठी नाव घेऊन थांबलेला येत किउ आपल्याला सोडून जाणार नाही या एकाच भरवशावर तो तेथवर आला, आणि खरोखरच सेवक नावेसह उभा होता. पुढे वान किएपची फळीही मोडली. लोकांची ससेहोलपट पाहून राजाने विचारले की प्रजेचे प्राण वाचवण्यासाठी शरण जावे काय. क्वोक तुआनने उत्तर दिले की शरण जायचे असेल तर अगोदर आपले शिर कापावे. राजधानी पुन्हा रिकामी करण्यात आली. लोकांनी धान्य लपवले आणि गावे ओस टाकली.

या धावपळीत राजा सरसेनापतीच्या सोबतीने फिरत होता. क्वोक तुआनच्या हातात लोखंडी टोक बसवलेली काठी असे. जुने वैर ठाऊक असलेले लोक त्या काठीकडे संशयाने पाहू लागले. हे त्याच्या ध्यानात आले. त्याने कोणालाही खुलासा केला नाही, की रागावला नाही. लोखंडी टोक काढून फेकून दिले आणि नुसती लाकडी काठी टेकीत तो राजाच्या बाजूने चालू लागला.

याच वेळी राजघराण्यातून एक मोठी फितुरी झाली. ज्येष्ठ राजाचा धाकटा भाऊ इच ताक हा फार विद्वान होता. त्याने स्वतःच्या वाड्याजवळ शाळा काढून विद्यार्थ्यांच्या जेवणाखाण्याची सोय केली होती. हाच विद्वान गादीच्या लोभाने कुटुंबासह तोघानला जाऊन मिळाला. कुब्लाईने त्याला राजा ही पदवी दिली, पण त्याला राज्य कधी मिळाले नाही. उरलेले आयुष्य त्याने परक्या मुलखात काढले. पालकहो, शिक्षण संस्थेच्या अंकात हे उदाहरण मुद्दाम देत आहे. दोघेही एकाच घराण्यातले आणि दोघेही उत्तम शिकलेले. राज्याचा हक्क सांगण्याजोगे दुःख क्वोक तुआनकडे अधिक होते. विद्येने दोघांना सामर्थ्य दिले. ते कोठे वापरावे हे मात्र दोघांनी वेगवेगळे ठरवले.

उन्हाळा सुरू होताच चित्र पालटले. उष्मा, पाऊस, रोगराई आणि उपासमार यांनी मंगोल फौज खिळखिळी झाली. क्वोक तुआन याचीच वाट पाहत होता. मे आणि जून महिन्यांत हाम तू, चुओंग जुओंग येथे एकामागून एक विजय मिळाले. अंघोळीच्या गोष्टीतला तो क्वांग खाय राजधानी सोडवणाऱ्या सैन्याच्या अग्रभागी होता. सोगेतू लढाईत मारला गेला. तोघान सरहद्दीकडे पळाला आणि विषारी बाणांपासून वाचवण्यासाठी त्याला तांब्याच्या नळकांड्यात लपवून नेले, असे व्हिएतनामी इतिहासकाराने नमूद केले आहे.

विजयानंतर शत्रूच्या सामानात एक पेटी सापडली. दरबारातल्या अनेकांनी गुपचूप शत्रूला लिहिलेली पत्रे तीत होती. ज्येष्ठ राजाने ती न वाचता जाळून टाकण्याची आज्ञा केली. जुनी भांडणे उकरून काढायची नाहीत, हे या घराण्याने आता चांगले जाणले होते.

१२८८ : बाख डांग नदी

अपमानाने चिडलेल्या कुब्लाईने १२८७ च्या अखेरीस तिसऱ्यांदा फौज पाठवली. या वेळी मागची चूक टाळण्यासाठी धान्याचे मोठे आरमार सोबत होते. काही अधिकाऱ्यांनी आणखी पुष्कळ माणसे भरती करावीत असे सुचवले. क्वोक तुआनने सांगितले की सैन्य निवडक व कसलेले हवे, नुसती गर्दी कामाची नाही. राजाने विचारले तेव्हा त्याने निर्धास्तपणे सांगितले की या वर्षी शत्रूला हरवणे सोपे आहे. आपले लोक आता युद्धाला सरावले होते आणि शत्रूच्या मनात मागच्या पराभवाची धास्ती होती.

पहिला फटका दिला तो कोळसेवाल्या खान्ह जूने. मंगोलांचे लढाऊ आरमार त्याला हरवून पुढे गेले होते आणि राजाने त्याला पकडून आणण्याचा हुकूम सोडला होता. त्याने दोन-तीन दिवसांची मुदत मागितली. लढाऊ जहाजांमागून धान्याची जहाजे सावकाश येतील हा त्याचा हिशेब होता. तसेच झाले. वान दोनजवळ त्याने ते धान्य-आरमार नष्ट केले. तोघान राजधानीत शिरला, पण पुन्हा शहर रिकामे आणि पोटही रिकामे. त्याने माघार घेण्याचे ठरवले. पायदळ जमिनीवरून आणि आरमार बाख डांग नदीतून समुद्राकडे निघाले.

बाख डांग नदी समुद्राला मिळते तेथे भरती-ओहोटीचा फरक फार मोठा असतो. आपल्या कोकणातल्या खाड्यांवर राहणाऱ्यांना हे लगेच समजेल. फरक इतकाच की तेथे दिवसातून साधारण एकदाच भरती आणि एकदाच ओहोटी येते. या नदीत ९३८ साली न्गो क्वेन नावाच्या वीराने पात्रात खांब रोवून चिनी आरमार बुडवले होते. क्वोक तुआनने इतिहास वाचला होता. त्याने जंगलातून कठीण लाकडाचे सोट आणवले, त्यांना टोके काढली आणि ओहोटीच्या वेळी नदीच्या गाळात ते रोवून घेतले. भरती आली की खांब पाण्याखाली दिसेनासे होत.

९ एप्रिल १२८८ रोजी मंगोल आरमार नदीच्या मुखाकडे आले. व्हिएतनामी लहान होड्यांनी हल्ला केला आणि हरल्याचे सोंग करून त्या पळाल्या. मोठी जहाजे पाठलागावर निघाली. ओहोटी लागताच होड्या उलटल्या. पाणी झपाट्याने उतरू लागले, जहाजे खांबांवर चढली, फुटली, कलंडली. वरून जळते तराफे सोडण्यात आले आणि दोन्ही काठांवरून बाणांचा वर्षाव झाला. ४०० च्या वर जहाजे हाती लागली, असे इतिहासग्रंथ सांगतो. तोघान जमिनीवरच्या वाटेने कसाबसा निसटला. विसाव्या शतकात या नदीकाठच्या चिखलात ते खांब सापडले, आणि २०१९ साली हायफाँगजवळ काओ क्वी येथेही जुन्या खांबांची रांग उघडी झाली.

एक डाग

कैद झालेल्या आरमारी सेनापतीला व्हिएतनामी ग्रंथांत ओ मा न्यी म्हटले आहे. हा उमर या नावाचा चिनी उच्चार आहे. कुब्लाईच्या दरबारात व सैन्यात मध्य आशियातून आलेले अनेक मुसलमान अधिकारी होते, त्यांपैकीच हा एक. त्याच्या फौजांनी राजघराण्याची कबर उकरल्याचा राग दरबारात होता. शांतता झाल्यावर कैद्यांना परत पाठवण्याचे ठरले. १२८९ मध्ये उमर ज्या जहाजातून निघाला त्याला रात्री तळाशी भोक पाडण्यात आले आणि तो बुडून मेला. कुब्लाईला हा अपघात असल्याचे कळवण्यात आले. ही युक्ती क्वोक तुआनची होती, असे व्हिएतनामचाच जुना इतिहासग्रंथ सांगतो, आणि पंधराव्या शतकातील त्यांच्याच इतिहासकाराने तिला नावे ठेवली आहेत. शरण आलेल्या, परतीचा शब्द दिलेल्या कैद्याला असे मारणे हे पाप होय. थोर माणसाच्या चरित्रातला डाग लपवू नये, आणि त्या डागापायी त्याचे सर्व कार्य पुसूही नये.

शेवटचा सल्ला

राजाने क्वोक तुआनला मोठा अधिकार दिला होता. राजाला न विचारता तो लोकांना सरदारकीचे किताब देऊ शकत असे. त्याने हा अधिकार एकदाही वापरला नाही. युद्धात धान्य देणाऱ्या श्रीमंतांनाही त्याने केवळ तात्पुरते नाममात्र हुद्दे दिले. १२९४ साली कुब्लाई मरण पावला आणि चौथ्या स्वारीचा बेत बारगळला. क्वोक तुआन वान किएपला आपल्या जहागिरीत राहू लागला.

१३०० साली तो आजारी पडला. तरुण राजा आन्ह तोंग समाचाराला आला. वाचकहो, हा राजा क्वोक तुआनच्या मुलीचा मुलगा होता. ज्या गादीसाठी वडिलांनी रक्त सांडायला सांगितले होते, त्या गादीवर रक्त न सांडता त्याचा नातू बसला होता. राजाने विचारले की तुमच्या मागे उत्तरेकडून पुन्हा आक्रमण आले तर काय करावे. म्हाताऱ्या सेनापतीने प्रथम जुन्या राजांचे अनुभव सांगितले. मग सांगितले की मंगोल हरले, कारण राजा आणि मंत्री एकमनाने वागले, भाऊ-भाऊ एकत्र राहिले आणि सारा देश पाठीशी उभा राहिला. शेवटी त्याने सल्ला दिला की शांततेच्या काळात प्रजेवरचा भार हलका ठेवावा, तिची शक्ती राखावी. मुळे खोल धरण्याचा याहून चांगला उपाय नाही.

त्याच वर्षी त्याचे निधन झाले. आपल्या दहनानंतर अस्थी बागेत पुराव्यात, जमीन पूर्वीसारखी सपाट करून झाडे लावावीत आणि जागा कोणाला ओळखू येऊ नये, अशी त्याची इच्छा होती. कबरीचा मागमूस न ठेवणाऱ्या या माणसाची नावे आज व्हिएतनामच्या शहरोशहरी रस्त्यांना आहेत. किएप बाक येथील त्याच्या मंदिरात दरवर्षी त्याच्या पुण्यतिथीला मोठी जत्रा भरते.

विद्यार्थी मित्रांनो, या चरित्रातली लढाई तुम्हाला आवडेल आणि नदीतल्या खांबांची गोष्ट तुम्ही मित्रांना सांगाल. जरूर सांगा. पण ते खांब उभे राहिले ते त्याने इतिहासाचे पुस्तक मन लावून वाचले म्हणून, हेही सांगा. आणि पालकहो, आपल्याकडे वाटणीवरून, लग्नातल्या मानापानावरून, आजोबांच्या काळच्या एखाद्या शब्दावरून भाऊबंदकी पिढ्यान्‌पिढ्या चालते. आपण ती मुलांना वारशात देतो आणि त्यांनी ती पुढे न्यावी अशी अपेक्षाही करतो. त्रान लियूने आपल्या मुलाला उत्तम शिक्षण दिले आणि त्याच हाताने सूडही दिला. मुलाने शिक्षण घेतले, सूड घेतला नाही. आपल्या मुलांना या दोहोंपैकी काय द्यावे, याचा विचार आजच आपल्या घरी करा.